हेडसर, पर्यवेक्षक, अध्यक्ष: तुमच्या शाळेत कोण कसं बोलतं? अनुभव लिहा

गोदाकाठची:
कपाट आवरताना एक जुनी सूचनावही सापडली आणि परभणीकडची पहिली नोकरी आठवली. तिथल्या मुख्याध्यापिका बाई तोंडानं फारसं सांगायच्याच नाहीत. शिपाईमामा वही घेऊन वर्गावर यायचे, वाचायचं, सही करायची. "उद्या परिपाठ सातवीकडे. घटक चाचणीचे पेपर शनिवारपर्यंत." संपलं. पर्यवेक्षक सर एकदम उलटे. व्हरांड्यात गाठून तेच काम का, कसं, कुणासाठी हे सगळं सांगणार. नव्या शिक्षकांना वाटायचं बाई रागीट आणि सर मायाळू. पण तपासणीला साहेब आले की बाईंची वहीच आमच्या पाठीशी उभी राहायची. बाईंच्या एका ओळीमागचं कारण सरांकडून कळायचं. दोघांची मला सारखीच किंमत आहे. तुमच्याकडं कसं?

केजकर:
आमची जि. प. शाळा, दोन शिक्षकी. मी, मॅडम आन् शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष सभेत काहीच बोलत नाहीत, प्रोसिडिंगवर सही करतात. संध्याकाळी पारावर मात्र, "गुरुजी, हंगामी वसतिगृहाचं तेवढं बगा, लोकं निघाले ऊसतोडीला." लेकरं कुठं ठेवायची ह्याच्यापेक्षा मोठा विषय आमच्याकडं नाहीच. मी सभेच्या आदल्या दिवशी पारावर जाऊन बसतो. मग सभेत ठराव आपोआप येतो.

उदगीरची लेक:
अगदी बरोबर केजकर. २००९ च्या आरटीईनं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं, समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या. पण सभेत बाया दाराजवळ बसतात, गावातल्या मोठ्या माणसांपुढं कोण बोलणार? आमच्या मोठ्या मॅडम खिचडी शिजते तिथं जाऊन तांदूळ निवडू लागतात. तिथंच कळलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, म्हणून पोरी मधल्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत. सभेत हे कधीच निघालं नव्हतं. मॅडमनी लगेच कडी बसवून घेतली. लई भारी बाई आहेत.

चुलीपुढून:
हेडसर व्हॉइस मेसेज टाकतात. रात्री. लांबलचक. भाकरी थापता थापता ऐकते, काम असतं शेवटच्या वाक्यात. उपमुख्याध्यापक त्यावर नुसता अंगठा. वाचलं का मान्य, काय समजायचं??

केजकर:
@चुलीपुढून सरळ विचारा ना ताई. आम्ही ठरवूनच घेतलंय, अंगठा म्हणजे वाचलं. मान्य असेल तर "होय" लिहायचं.

चुलीपुढून:
हे बेस आहे. सोमवारी बोलते.

सेलूवाला:
थोडं अवांतर. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. मास्तरांचा हुकूम म्हणजे हुकूम, उलट प्रश्न नाही. १९४८ ला निजामशाही गेली, पण काही संस्थांच्या मीटिंगा अजून तशाच चालायलेत. सचिव बोलणार, बाकी माना हलवणार. वाईट वाटतं, चांगले शिक्षक गप्प होऊन जातात.

उदगीरची लेक:
हाव, माझे आजोबा पण उर्दूतून! मोडी पण वाचायचे. त्यांची कागदं आहेत घरात, कुणाला वाचता येतं का?

सेलूवाला:
थोडं थोडं. फोटो पाठवा.

गोदाकाठची:
केजकर, वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का मग?

केजकर:
यादीवर पालकांच्या सह्या राहिल्यात. आज रात्री तांड्यावर चाललोय.

उदगीरची लेक:
मुकादमाला सोबत घ्या, त्याच्या शब्दावर लोकं थांबतात. आणि सही आईची पण घ्या.