ट्रंकच्या झाकणावर लगेज रॅक बसवायचाय, पण भोक पाडायला हात धजावत नाहीये

रस्तेमापक:
मंडळी, माझी बाइक होंडाची गोल्ड विंग जीएल १८०० आहे, सीटच्या मागे झाकणाची पेटी (ट्रंक) असलेली. ट्रंक आणि दोन्ही साइड बॅगा भरल्या तरी लांबच्या ट्रिपला बायकोची एक बॅग उरतेच (ती म्हणते माझी उरते, असो), म्हणून झाकणावर बसणारा क्रोमचा रॅक मागवला. खोक्यातून निघाले चार पाय, चार बोल्ट, रबराच्या चकत्या आणि एक कागदी टेम्प्लेट, आणि सूचना म्हणजे तीन चित्रं न एक बाण. काल टेम्प्लेट ठेवून खुणा केल्या, ड्रिल हातात घेऊन अर्धा तास नुसता उभा राहिलो आणि गपचूप घरात आलो. एवढ्या चकचकीत झाकणाला भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतंय राव. तडा गेला तर? पाणी झिरपलं तर? आणि बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचं चिकट द्रव) लावू ना?

नटबोल्ट:
शेवटचं आधी सांगतो कारण तिथेच मी तोंडावर पडलोय. थ्रेडलॉकर अजिबात नको! झाकण एबीएस प्लास्टिकचं असतं आणि ते द्रव एबीएसला लागलं की जिथे प्लास्टिकवर ताण आहे तिथे बारीक तडे जायला लागतात. आधीच्या बाइकवर मी शहाणपणा करून चारही बोल्टना अगदी ओघळेपर्यंत लावलं होतं, काही दिवसांनी गाडी धुताना बघतो तर प्रत्येक भोकाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं. झाकण गेलं कामातून. साधे नायलॉक नट लाव, आतली नायलॉनची रिंग बोल्टला धरून ठेवते, विषय संपला.

भोकांचं म्हणशील तर ते एवढं अवघड नाहीये, घाई नडते फक्त. आधी आतलं लायनर काढून बघ, खुणांच्या खाली वायर किंवा आडवी पट्टी येत नाही ना. मग रॅक नुसता ठेवून झाकण सावकाश पूर्ण उघडून बघ, कुठे अडतोय का ते आत्ता कळलेलं बरं. वरून मास्किंग टेप चिकटव आणि खुणा टेपवर कर, म्हणजे बिट घसरला तरी रंग वाचतो. लोखंडाला मारतो तसा पंच हातोडीने ठोकू नकोस, प्लास्टिक आहे ते. आतून कुणाला तरी लाकडाचा ठोकळा दाबून धरायला सांग, आधी ३ मिमीचा बिट, स्पीड कमी, जोर जवळजवळ नाहीच. जोरात फिरवलास तर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि बिटला गुंडाळतं. मग पायरीपायरीने मोठं करत जा, ६ मिमीच्या बोल्टला साडेसहाचं भोक ठेव, उन्हात प्लास्टिक फुगतं त्याला जागा लागते. शेवटी मोठा बिट नुसता हाताने फिरवून कडा साफ कर, कारण तडा नेहमी खरखरीत कडेपासूनच सुरू होतो.

आवळताना रबराची चकती बाहेरून किंचित फुगलेली दिसली की थांब. अजून अर्धा फेरा हा मोह होतोच, तो आवर. आतून मोठे वॉशर हवेतच, त्याहून बरं म्हणजे दोन-दोन बोल्टना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, म्हणजे भार एका ठिपक्यावर येत नाही.

सावकाश_चाल:
वरचं सगळं बरोबर, पण वहिनींची बॅग किती किलोची आहे ते विचारलंच नाही कुणी 😀 ट्रंक आधीच मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे आणि उंचावर, त्याच्या डोक्यावर अजून वजन चढवलं की पुढचं चाक हलकं होतं, हायवेला हँडल डुगडुगायला लागतं. रॅकवर काय किती चालतं ते रॅकच्या कागदावर आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघ, दोन्हीत जो आकडा कमी तो धरायचा. मी रॅकवर फक्त रेनसूट आणि स्लीपिंग बॅग टाकतो. टूल्स, पाणी, बूट असलं जड सगळं साइड बॅगेत तळाशी.

उगाच_एक:
भोकं कशाला, बॅग झाकणावर ठेवायची आणि ट्रंकभोवती पट्टे आवळायचे की, मी तेच करतो.

नटबोल्ट:
@उगाच_एक मग ट्रंक उघडायचा असेल तेव्हा दर वेळी सगळं सोडायचं का? पाऊस सुरू झाला की रेनसूट नेमका आत असतो. शिवाय पट्ट्याखाली धूळ जाऊन रंग घासला जातो तो वेगळाच.

रस्तेमापक:
झालं एकदाचं! ठोकळा बायकोने धरला होता, पहिलं भोक पडेपर्यंत दोघांनीही श्वास रोखलेला. तिसरं भोक मिमीभर सरकलं, पण पाय वर बसल्यावर दिसत नाही. आत पट्ट्या टाकल्या, वरून प्रत्येक पायाखाली थोडं न्यूट्रल सिलिकॉन (फटी बुजवायचं सीलंट), ते व्हिनेगरच्या वासाचं नाही घेतलं कारण त्याने धातू गंजतो म्हणे. दुसऱ्या दिवशी ट्रंकमध्ये वर्तमानपत्र पसरून वरून दहा मिनिटं पाइप सोडला. उघडलं तर डावा कोपरा ओला! धस्स झालं. पण चारही बोल्ट आतून कोरडे ठणठणीत, पाणी येत होतं झाकणाच्या जुन्या रबरी गॅस्केटमधून, तिथे एक चीर गेलीये. म्हणजे ट्रंक आधीपासूनच गळत होता आणि मी भोकांना घाबरून बसलो होतो. गॅस्केट मागवतोय आता. आणि बॅगेचं म्हणाल तर वजन केलं, ती साइड बॅगेत गेली, रॅकवर माझे स्लीपिंग बॅग आणि जॅकेट.