अनुभव धागा: आल्प्समध्ये सायकलवर एक दिवस

झुरिकहून:

माझा धाकटा भाऊ सप्टेंबरमध्ये नाशिकहून येतोय. तिकीट काढल्या काढल्या त्याचा मेसेज आला, दादा ट्रेन-बिन नको, आपण आयगरखालून सायकलनं जाऊ. मी हा रूट दोन वर्षांपूर्वी केलाय, स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून आयगर डोंगराखालून क्लाइन शायडेकची खिंड आणि पलीकडे वेंगेनवरून लाउटरब्रुनेन. त्याला नेमकं काय काय सांगून ठेवायचं ते ठरवतोय, म्हणून हा धागा. आधी माझं सांगतो मग तुम्ही लिहा, रूट हाच पाहिजे असं नाही, आल्प्समधला एका दिवसाचा कुठलाही चालेल.

ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटरवर, खिंड २०६१वर. त्यातही गावातून आधी खाली ग्रुंडला उतरायचं आणि मग चढ सुरू. पुण्याकडच्यांनी असं धरा की सिंहगडाचा घाट एकदा चढलात आणि श्वास खाली बसायच्या आत परत पायथ्यापासून सुरू. आधी डांबर, मग खडी. डाव्या हाताला आयगरची उत्तर भिंत, सकाळी पूर्ण सावलीत, आणि तिच्यावरून गार हवा खाली येते ती घामेजलेल्या पाठीवर बर्फासारखी लागते. १९३८ साली चौघं जण पहिल्यांदा ही भिंत चढून गेले. हे वाचलेलं होतं पण खाली सायकल टेकवून मान मागे टाकून बघितलं तेव्हा त्यातलं धाडस कळलं. आणि त्याच डोंगराच्या पोटातून रेल्वे वर ३४५४ मीटरवर युंगफ्राउयोखला जाते, १९१२ पासून. बहुतेक आपली मंडळी त्या रेल्वेनं जातात, आई-बाबांना मीही तसंच नेलं होतं, पण बोगद्यात बसून ती भिंत दिसत नाही हो.

चढ मी केला, तीन तास लागले, शेंगदाण्याची चिक्की होती म्हणून निभावलं. फसलो उतारावर. खिंडीतून वेंगेनपर्यंत झकास, समोर युंगफ्राउ शिखर, मध्येच पलीकडच्या हिमकड्यावरून बर्फ सुटल्याचा गडगडाट, स्वच्छ ऊन असून ढग गरजल्यासारखा. वेंगेनच्या खाली मात्र वळणांमागून वळणं, तीव्र उतार, आणि मी सगळा वेळ ब्रेक दाबून. अर्ध्यात लीव्हर दांड्याला टेकायला लागला आणि जळका वास. थांबून बाटलीतलं थोडं पाणी हातावर घेतलं त्यातला एक थेंब ब्रेकच्या डिस्कवर पडला तर चर्रकन आवाज होऊन उडून गेला. वीस मिनिटं कडेला बसून होतो. हात थरथरत होते, नुसत्या थकव्यानं नाही. तेव्हा भावाला माझं पहिलं सांगणं हेच, निघायच्या आधी ब्रेक पॅड बघ, उतारावर सलग दाबून धरू नकोस, वेग कमी कर, सोड, परत दाब. निम्मी ताकद उतारासाठी राखून ठेव.

श्टुटगार्टहून:

दादा ब्रेकचं अगदी पटलं. माझा अनुभव ई-बाईकचा, म्हणजे पेडलला बॅटरीची मदत असलेल्या सायकलचा. आई आली होती, वय ६१, तिला म्हटलं तू ई-बाईक घे मी पण घेते, हाच रूट. दुकानवाला म्हणाला बॅटरी आरामात पुरेल. आईनं (आणि खरं तर मीही) पहिल्या चढापासून सगळ्यात वरचा मोड लावून ठेवला, का नाही लावणार, पाय दुखत नाहीत आणि गाईंच्या घंटा ऐकत जाता येतं. खिंड दिसायला लागली आणि आईची बॅटरी संपली. ती सायकल नुसती ढकलायला २४-२५ किलो. माझी तिला दिली आणि तिची मी ढकलत नेली, दर पन्नास पावलांवर थांबत. वर हॉटेलात चार्जर होता पण त्याची पिन वेगळी. पुढे सगळा उतारच म्हणून सुटलो. आई अजूनही सगळ्यांना सांगते की मी डोंगर सायकलवर चढले, आणि ते खरंच आहे, पेडल तिनंच मारलं. पण भाड्यानं घेणार असाल तर खालचा मोड लावूनच सुरुवात करा आणि चार्जर कुठला बसतो ते दुकानातच विचारून घ्या.

पुण्याहून:

आम्ही दोघं फक्त आठवड्यासाठी गेलो होतो. याच चढावर आल्पिग्लेनला मिस्टरांच्या मांडीत गोळे आले, पाय सरळ होईना. तिथेच स्टेशन आहे, सायकली गाडीत घातल्या, सायकलचं वेगळं तिकीट पडतं. भावाला सांगा, गाडीत बसण्यात कमीपणा नाही. आमचा उतार तर झाला ना, तोही दिवसाउजेडी.

म्युनिकहून:

मी डोलोमाइट्सचं लिहितो. झायझर आल्म, इटलीतलं, पण पाट्या जर्मन, इटालियन आणि लादिन तिन्ही भाषांत. ५६ चौरस किलोमीटर नुसतं गवताळ पठार, २००० मीटरच्या आसपास, समोर लांगकोफेलचे सुळके. सकाळी ९ ते ५ खासगी गाड्यांना रस्ता बंद असतो, आम्ही केबलकारनं सायकली वर नेल्या.

चूक एकच केली, उशिरा निघालो. दुपारी दोनला ढग आले, आमच्याकडे वळवाचा पाऊस येतो तसेच, बघता बघता काळे. पठारावर आडोसा नाही आणि विजा. एका गवताच्या लाकडी कोठीपर्यंत पोचलो आणि तासभर ओल्या कपड्यांत दाराशी बसून होतो, तापमान एकदम इतकं उतरलं की माझ्या बायकोचे ओठ निळे पडले. बॅगेत जॅकेट नव्हतं, जुलै महिना म्हणून घरी ठेवलेलं. आता भर उन्हाळ्यातही जॅकेट, कोरडे मोजे आणि सकाळी सातच्या आत निघणं, यात मी तडजोड करत नाही.

बर्नहून:

ग्रोसे शायडेक खिंडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मायरिंगेनहून रोझेनलाउईमार्गे, वर १९६२ मीटर. शेवटच्या टप्प्यात खासगी गाड्या नाहीत, फक्त बस, आणि ती वळणाआधी तीन सुरांचा भोंगा वाजवते. तो ऐकू आला की कडेला व्हा, ड्रायव्हर हात करतो.

पिवळ्या पाट्या चालणाऱ्यांच्या, लाल सायकलच्या. चालणारे दिसले की वेग कमी करा आणि ग्रुएसेख (इकडचा नमस्कार) म्हणा, चेहरे लगेच खुलतात. गुरांच्या तारेचं फाटक उघडलं तर लावूनच पुढे जा, तारेत करंट असतो, प्लॅस्टिकच्या मुठीलाच धरा. वर पोचल्यावर मी सायकल गवतात आडवी टाकून वेटरहॉर्न शिखर बघत बसलो, मागे वळतो तर एक तपकिरी गाय माझ्या हँडलची ग्रिप चाटतेय, घामाचं मीठ लागलं असणार. खरखरीत जीभ, डोळे मिटलेले. पूर्ण चाटून होईपर्यंत मी हललो नाही.

झुरिकहून:

सगळ्यांचे खूप आभार. भावाला धागा पाठवला. जॅकेट आणि नवे ब्रेक पॅड घेतो म्हणाला, आणि विचारतोय चिक्की किती किलो आणू.