टीकेइंटर : दुसरी विंडो बंद केल्यावरही पुढची ओळ का चालत नाही?

प्रश्न

मी पायथॉनमध्ये टीकेइंटर (विंडो आणि बटणे तयार करण्याचा संच) वापरून नोंदी ठेवण्याचा एक छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. मुख्य विंडोत नोंदींची यादी दिसते. 'दुरुस्ती' हे बटण दाबले की निवडलेली नोंद दुसऱ्या विंडोत उघडावी आणि तिथे बदल जतन करून ती विंडो बंद केली की यादी ताजी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. मुख्य विंडो टीके() ने तयार केल्यावर नीट चालली, म्हणून दुसरी विंडोही मी टीके() नेच तयार केली, तिच्या शेवटी पुन्हा मेनलूप (घटना हाताळणारे चक्र) लिहिला आणि त्याच्या खालच्या ओळीवर यादी ताजी करणारे फंक्शन ठेवले.

यातून काही चमत्कारिक गोष्टी घडत आहेत. दुरुस्तीच्या विंडोतील चौकटींना जोडलेल्या स्ट्रिंगव्हार व्हेरिएबलमध्ये मी मजकूर भरतो, प्रिंट करून पाहिले तर तो तिथे असतोही, पण चौकटी मात्र कोऱ्याच राहतात. त्याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की, दुरुस्तीची विंडो बंद केल्यावर यादी ताजी होत नाही, आणि शेवटी मुख्य विंडो बंद केली की त्या क्षणी यादीच्या विजेटचे (विंडोतील घटकाचे) नाव दाखवून 'अशी कमांड नाही' अशा अर्थाची चूक येते. शिवाय बटण तीनदा दाबले तर त्याच नोंदीच्या तीन विंडो उघडतात. माझी मूळ पद्धतच चुकीची आहे का?

पहिले उत्तर

होय, मूळ पद्धतच चुकीची आहे. पण पहिल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असल्यामुळे दुरुस्ती फार मोठी नाही.

टीके() हा शब्द 'एक विंडो द्या' असे सांगतो, असे वाटते, परंतु तो त्याहून बरेच अधिक करतो. टीकेइंटर हे टीसीएल भाषेतील टीके या संचावरचे पायथॉनचे आवरण आहे, आणि टीके() म्हटले की दर वेळी टीसीएलचा एक नवा, स्वतंत्र इंटरप्रिटर (आज्ञा वाचून चालवणारा भाग) सुरू होतो. त्या इंटरप्रिटरची व्हेरिएबले, चित्रे आणि विजेटे ही त्याच्यापुरतीच असतात. आपण स्ट्रिंगव्हार तयार करताना त्याचा मालक सांगितला नसेल, तर ते पहिल्या टीकेच्या पदरात पडते. दुसऱ्या विंडोतील चौकट त्याच नावाचे व्हेरिएबल स्वतःच्या इंटरप्रिटरमध्ये शोधते, तिथे ते नसते, म्हणून ती रिकामे व्हेरिएबल गृहीत धरून कोरी राहते. व्हेरिएबलच्या बाबतीत हे सारे निमूटपणे घडते हेच त्रासदायक आहे. फोटोइमेज वापरले असते तर 'असे चित्र अस्तित्वात नाही' असे स्पष्ट ऐकायला तरी मिळाले असते.

आता मेनलूपविषयी. मेनलूप म्हणजे माउस, कीबोर्ड आणि विंडोच्या घटना एकेक करून उचलणारे चक्र होय. विंडो ज्या टीकेची आहे ती बंद झाली की तिचा मेनलूप थांबतो, असा आपला समज दिसतो, तो बरोबर नाही. एकही मुख्य विंडो शिल्लक नाही अशी स्थिती येईपर्यंत, किंवा क्विट बोलावले जाईपर्यंत, हे चक्र फिरतच राहते. दुरुस्तीची विंडो गेली तरी पहिली मुख्य विंडो जिवंत असते, त्यामुळे आतला मेनलूप संपत नाही आणि खालची ओळ खोळंबून राहते. आपण मुख्य विंडो बंद करता तेव्हा कुठे तो संपतो, ती ओळ चालते, आणि ज्या यादीला ताजे करायचे ती यादीच तोवर नष्ट झालेली असते. चूक शेवटी दिसते, ती यामुळे.

म्हणून टीके() एकदाच, मेनलूपही एकदाच. बाकी प्रत्येक विंडोसाठी टॉपलेव्हल (त्याच इंटरप्रिटरमधील वेगळी विंडो) वापरा आणि तिला मुख्य विंडो मालक म्हणून द्या. दुरुस्तीची विंडो बंद होईपर्यंत थांबायचे असेल, तर मेनलूपच्या जागी वेट_विंडो ला ती टॉपलेव्हल द्या. थांबलेले असतानाही ही मेथड घटना हाताळत राहते, त्यामुळे प्रोग्रॅम गोठत नाही, आणि विंडो नष्ट झाली की खालची ओळ वेळेवर चालते.

दुसरे उत्तर

वरील स्पष्टीकरणाशी मी सहमत आहे, फक्त वेट_विंडो हा पहिला पर्याय म्हणून सुचवावा असे मला वाटत नाही. एका नोंदीची दुरुस्ती चालू असताना दुसरी नोंद उघडून पाहण्याची गरज वापरणाऱ्याला पडणार नाही, याची खात्री आहे का? नसेल, तर दुरुस्तीच्या विंडोला 'जतन झाल्यावर हे फंक्शन बोलाव' असे सांगून मोकळे व्हावे. यादीने विंडोची वाट पाहण्यापेक्षा विंडोने यादीला कळवणे अधिक सोयीचे असते, कारण पुढे आणखी विंडो वाढल्या तरी ही रचना मोडत नाही. आणि नोंदींची माहिती विजेटांमध्ये न ठेवता वेगळ्या क्लासमध्ये ठेवावी. विंडो ही माहिती दाखवणारी जागा आहे, साठवणारी नव्हे.

तीन विंडो उघडण्याच्या तक्रारीवर सोपा उपाय आहे. नोंदीचा क्रमांक आणि तिची उघडलेली विंडो यांची जोडी एका डिक्शनरीत ठेवा. बटण दाबल्यावर प्रथम तिथे पाहा. विंडो असेल आणि विन्फो_एग्झिस्ट्स ती जिवंत असल्याचे सांगत असेल, तर नवी न उघडता डीआयकॉनिफाय आणि लिफ्ट वापरून तीच समोर आणा. ही तपासणी वगळू नका, कारण पायथॉनमधील वस्तू शिल्लक असली तरी पडद्यावरची विंडो केव्हाच नष्ट झालेली असू शकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. टॉपलेव्हल वापरताच चौकटी भरलेल्या दिसू लागल्या. माझ्या बाबतीत एका वेळी एकच दुरुस्ती पुरेशी असल्यामुळे मी वेट_विंडो ठेवले आणि मागची विंडो अडवण्यासाठी ग्रॅब_सेट जोडले. परंतु लिनक्सवर कधी कधी 'विंडो दृश्य नाही, म्हणून ग्रॅब अयशस्वी' अशा अर्थाची चूक येते, आणि विंडोजवर ती एकदाही आलेली नाही.

पहिल्या उत्तराचे लेखक

विंडो तयार करण्याची आज्ञा दिली म्हणजे ती त्याच क्षणी पडद्यावर आली, असे नसते. लिनक्सवर ती प्रत्यक्ष मांडण्याचे काम विंडो मॅनेजरकडे असते आणि त्याला किंचित वेळ लागतो. तेवढ्यात ग्रॅब मागितला की तो नाकारला जातो. ग्रॅब_सेटच्या आधी त्याच टॉपलेव्हलवर वेट_व्हिजिबिलिटी बोलावा. ट्रान्झियंट ही मेथड वापरून ती मुख्य विंडोची सोबतीण असल्याचेही सांगा, म्हणजे ती मुख्य विंडोच्या मागे दडणार नाही.

तिसरे उत्तर

एक मुद्दा राहिला आहे, आणि तो मी स्वतः जतन न केलेले काम गमावून शिकलो. टॉपलेव्हलला 'बदल जतन करायचे का?' असे विचारणारे फंक्शन आपण डब्ल्यूएम_डिलीट_विंडो या प्रोटोकॉलवर (विंडो बंद करण्याच्या सूचनेवर) बांधाल आणि निश्चिंत व्हाल. ते फंक्शन फक्त त्या विंडोची फुली दाबल्यावर चालते. मुख्य विंडो नष्ट केली की तिच्या सर्व टॉपलेव्हल काहीही न विचारता तिच्यासोबत जातात.

ग्रॅब असताना मुख्य विंडोतील बटणे अडलेली असतात, हे खरे. पण सहा महिन्यांनी कोणीतरी ग्रॅब काढून एकाच वेळी अनेक नोंदी उघडू देईल, बहुधा आपणच. म्हणून मुख्य विंडोच्या त्याच प्रोटोकॉलवर एक फंक्शन बांधून, वर सुचवलेल्या डिक्शनरीतील प्रत्येक जिवंत विंडोला आधी बंद व्हायला सांगा. एकीनेही नकार दिला, म्हणजे वापरणाऱ्याने 'रद्द' निवडले, तर डिस्ट्रॉय (विंडो नष्ट करणारी मेथड) बोलावू नका.

याच धाटणीचा आणखी एक सापळा आहे. पुढे सुरुवातीला पासवर्ड विचारणारी विंडो जोडलीत, तर मुख्य विंडो विथड्रॉ करून लपवाल; त्या वेळी पासवर्डच्या विंडोच्या फुलीवर मुख्य विंडोचे डिस्ट्रॉय बांधायला विसरू नका. नाहीतर पडद्यावर काहीच दिसणार नाही आणि लपलेल्या मुख्य विंडोमुळे मेनलूप मात्र फिरत राहील.