फवारणी पंपाची १२ व्होल्ट डीसी मोटर कशी तपासावी? कोणता सप्लाय घ्यावा?

धागाकर्ता, चोपडा
नमस्कार मंडळी. कपाशीच्या फवारणीचा आमचा बॅटरी पंप बॅटरी पूर्ण चार्ज असूनही चालत नाही. मोटर सोडवून १२ व्होल्ट, २ अँपिअरच्या अडॅप्टरला जोडली, तर ती किंचित हिसका देऊन थांबते आणि अडॅप्टरचा दिवा लुकलुकत राहतो. मोटर जळाली असे समजावे काय? तपासणीसाठी कोणता सप्लाय घ्यावा?

उत्तर, भुसावळ
दादा, एवढ्यावरून मोटरला दोष देऊ नका. थांबलेल्या मोटरमध्ये विरोधी व्होल्टेज (फिरताना मोटर स्वतःच उलट दिशेने निर्माण करते ते) तयार झालेले नसते, त्यामुळे सुरू होतानाचा प्रवाह केवळ वाइंडिंगच्या (आतल्या तारेच्या गुंडाळीच्या) रोधावर ठरतो. रोध १ ओहम असेल तर तो १२ अँपिअरपर्यंत जातो, जरी फिरू लागल्यावर तीच मोटर दोन-तीन अँपिअरवर चालत असली तरी. अडॅप्टर तेवढा प्रवाह देऊ शकत नाही आणि स्वतःला बंद करून घेतो. नवीन सप्लाय मुळीच घेऊ नका. मोटरसायकलची बॅटरी घ्या, फ्यूज लावा आणि मोटरच्या सिरीजमध्ये (एकाच तारेत पाठोपाठ) हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब मंद राहून मोटर फिरली तर ती ठीक आहे. मोटर न फिरता बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे किंवा शाफ्ट जाम आहे. बल्ब पेटलाच नाही तर कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) किंवा वाइंडिंग तुटले आहे.

उत्तर, धुळे
वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत. मल्टिमीटर ओहमवर ठेवून शाफ्ट हाताने अगदी सावकाश फिरवा. आकडा थोडा वरखाली होणे स्वाभाविक आहे, परंतु एखाद्याच जागी तो एकदम तुटत असेल तर कम्युटेटर (शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, ज्यावर कार्बन घासतो) पाहावा. शिवाय मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून शाफ्ट फिरवा: चांगली मोटर तेव्हा बोटांना स्पष्टपणे जड लागते.

धागाकर्ता
आपले आभार. बल्ब मंद राहिला आणि मोटर व्यवस्थित फिरली. पंपावरचा प्रेशर स्विच (दाब वाढला की मोटर बंद करणारा) उघडला असता त्याच्या पॉइंटवर (संपर्काच्या टोकांवर) हिरवा गंज दिसला. तो पॉलिश पेपरने घासून चालेल काय?

उत्तर, भुसावळ
आजची फवारणी निघेल, परंतु घासल्याने पॉइंटवरचा लेप जातो आणि मोटरचा प्रवाह तुटताना पडणाऱ्या ठिणगीने ते पुन्हा लवकर खराब होतात. स्विच बदलावा. नवीन घेताना त्यावरचा डीसी अँपिअरचा आकडा मोटरच्या प्रवाहापेक्षा जास्त आहे ना, हे पाहूनच घ्या.