मदत हवी आहे: ड्रॅगमधल्या आईचा शेवटचा शो

नमस्कार मंडळी. मी ड्रॅग कलाकार, म्हणजे झगमगीत स्त्रीवेशात मंचावर शो करणारी, वय 26. जिने मला पहिली पापणी चिकटवायला शिकवली, त्या माझ्या ड्रॅगमधल्या आईचं, म्हणजे या कलेतल्या गुरूचं, वय 71. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलाय. केमो थांबवलीय, आता फक्त वेदना आटोक्यात ठेवायचे उपचार. आणि तिला अजून एक शो करायचाच आहे! अमेरिकेतल्या डार्सेल फिफ्टीनची 2016 मध्ये, वयाच्या 85व्या वर्षी, सर्वांत वयस्क ड्रॅग कलाकार म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. "तिच्यापुढे मी पोरगीच," असं ही ऐकवते.

कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटने दम लागतो, म्हणून कॉर्सेट मीच लपवून ठेवलाय. खुर्चीत बसून एकच गाणं, असं ठरलंय. पण डोक्याची कातडी नाजूक झालीय, गोंद सोसत नाही. गोंदाशिवाय विग घट्ट कसा बसवता? गडद नेलपॉलिशमुळे ऑक्सिजन मोजताना आकडा चुकू शकतो, म्हणून एक बोट कोरं ठेवायला ती कशीबशी तयार झाली. बोट कुठलं निवडलं ते सांगत नाही.

खरा प्रश्न वेगळाच. रक्ताचे नातेवाईक 30 वर्षांत फिरकले नाहीत, पण कागदोपत्री तेच जवळचे. तिला बोलता येणार नाही तेव्हा डॉक्टरांनी मला विचारावं, असं अधिकारपत्र कुणी केलंय का? ती शुद्धीत आहे तोवरच ते करावं लागेल. साक्षीदार कोण घेतले?

आणि विषय काढू कसा? एड्सच्या काळात तिने कितीतरी मैत्रिणींना निरोप दिलाय. ती सहज बोलते, रडते मीच. मग ती ओरडते, "मस्कारा वाया घालवू नकोस!"