मदत हवी आहे: ‘टू बी’नंतर ‘अ’, ‘द’ की काहीच नाही?

मंडळी, भाची परळच्या मराठी शाळेत आठवीत आहे. तिचं इंग्रजी माझ्याकडे आलंय आणि तिच्या एका प्रश्नावर गाडी अडली आहे.

‘आय वॉन्ट टू बी डॉक्टर’ चूक, ‘टू बी अ डॉक्टर’ बरोबर, हे तिला पटलं. मोजता येणारं एकवचनी नाम उघडं सोडायचं नाही. ‘अ’, ‘द’, ‘माय’ असं काहीतरी त्याच्या आधी हवंच. अनेकवचन असेल तर ‘दे वॉन्ट टू बी डॉक्टर्स’, तिथे कटकट नाही. आपण ‘डॉक्टर व्हायचंय’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे ‘अ’ गळतोच.

पण मग ‘ही वॉन्ट्स टू बी कॅप्टन’ कसं चालतं? ‘टू बी बोलर’ मात्र चालत नाही! मी सांगितलं, संघात कॅप्टन एकच, बोलर अनेक. एकमेव पद असेल तर आर्टिकल गाळता येतं. लगेच पुढचा बाउन्सर: ‘आमच्या वर्गात मॉनिटर दोन आहेत, मग?’

माझ्या मते तिथे ‘अ मॉनिटर’च हवं. बरोबर ना? आणि ‘टू बी कॅप्टन’ व ‘टू बी द कॅप्टन’ यांत अर्थाचा फरक पडतो का? शिवाय ‘टू बिकम अ ट्रेटर’ (गद्दार होणं), पण ‘टू टर्न ट्रेटर’. इथे ‘अ’ कुठे गेला? तिथे तर पदबिद काही नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कृपया उदाहरणांसह सांगा. ‘वाचून वाचून कळतं’ हे उत्तर तिला देऊन झालंय, चाललं नाही.