दुपार सोडू नका

आपल्या फोटोग्राफी गटाचा या आठवड्याचा 'सावली' हा विषय उन्हामुळे पावसाळ्यावर ढकलावा, असं गटात सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. या विषयाला मे महिन्यातल्या दुपारीइतकी चांगली वेळ नाही. ठाण्यात १६ मेच्या आसपास दुपारी १२:३५च्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली बुडाशीच नाहीशी होते. असा दिवस पुन्हा येतो तो जुलैच्या शेवटी, आणि तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं.

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन बघा. रंगीत ताडपत्र्यांमुळे तिथे सावलीलाच रंग चढतो. निळ्या ताडपत्रीखाली हापूस हिरवट दिसतो, लालखाली माणसांचे चेहरे पेटल्यासारखे होतात. ऑटो व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय) नेमका हाच रंग पुसायला बघतो, म्हणून तो बंद करून उन्हाच्या सेटिंगवर ठेवा. मोबाइल असेल तर उजळ भागावर बोट दाबून धरा, मग एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) खाली ओढा. अंधार काळा झाला तर होऊ दे, तपशील उजेडात हवा.

फोन तापला की स्क्रीन मंद होते, त्यामुळे मधूनमधून तो सावलीत ठेवा. पाणी तर हवंच.

नवी मुंबईकरांनी मात्र सकाळ गाठावी. खाडीला भरती आली की फ्लेमिंगो नेरूळच्या तळ्यावर येतात. पाऊस लागायच्या आत त्यातले बरेच निघून जातील. काठावरूनच काढा, जवळ जाऊन उडवू नका.